उजवा बूट, दोन बोटं उंच

माझा डावा पाय उजव्यापेक्षा लांब झाला आहे, हे सगळ्यात आधी मला कळलं नाही. ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या हाज बस्यूनींना कळलं. आमच्या इमारतीत कोणालाही स्वतःबद्दल काही कळायचं असलं तर ते हाज बस्यूनींकडूनच कळतं. चाळीस वर्षं त्यांनी आलेक्झांड्रियाच्या बंदरावर, कस्टममध्ये, लोकांच्या पेट्या उघडून पाहिल्या. निवृत्त झाल्यावर पेट्या संपल्या. तेव्हापासून ते माणसं उघडून पाहतात.

डाव्या खुब्याचा सांधा बदलून मला पाच आठवडे झाले होते. त्या दिवशी काठी टेकत मी पहिल्यांदा खाली उतरलो. हाज दारातल्या खुर्चीवर चहा पीत बसले होते.

"बाशमुहंदिस, थांबा. जरा मागे जा. हां, आता या परत."

मी मागे गेलो, परत आलो. त्यांनी मला तिसऱ्यांदा पाठवलं तेव्हा समोरचा वाणीही दुकानाबाहेर येऊन उभा राहिला.

"तुम्ही उजवीकडे बुडताय," हाज म्हणाले. "डावा पाय लांब बसवलाय. तुमच्या त्या डॉक्टरने माप चुकवलं."

हे वाक्य माझ्या किती जिव्हारी लागलं ते कळायचं तर माझा धंदा सांगायला हवा. मी खरा इंजिनियर नाही. आमच्या गावात ज्याने एकदा स्क्रूड्रायव्हर हातात धरला तो बाशमुहंदिस. मी तर चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात तिवई खांद्यावर घेऊन कालव्यांच्या पातळ्या मोजल्या. पाणी कुठल्या अंगाला कलेल हे मी नुसत्या डोळ्यांनी सांगत असे. अशा माणसाला भर रस्त्यात, वाण्यादेखत, कोणी 'तुम्ही एका बाजूला बुडताय' म्हणावं! मी वर गेलो, पेटीतून जुनी पाणसळ काढली, कमरेच्या पट्ट्यावर आडवी धरली आणि आरशासमोर उभा राहिलो. बुडबुडा डावीकडे पळाला. हाज बस्यूनी बरोबर होते, आणि एखाद्याबद्दल वाईट मत व्हायला, तो बरोबर निघावा, याहून दुसरं कारण लागत नाही.

एरवी मी बुडालो असतो तरी चाललं असतं. या वयात माणसाने कुठे ना कुठे बुडायचंच असतं. पण नूरहानचं लग्न ठरलं होतं.

नूरहान माझी नात. तिचा बाप हाझिम, आमचा एकुलता एक, ती नऊ वर्षांची असताना गेला. इनायात, म्हणजे माझी बायको, अजून मला 'अबू हाझिम', हाझिमचा बाप, म्हणूनच हाक मारते, भांडतानासुद्धा. आमच्याकडे नवरीला तिचा बाप हाताला धरून जिन्यावरून खाली आणतो, ढोल वाजत असतात, खाली नवरा उभा असतो, बाप तिच्या कपाळाचं चुंबन घेतो आणि हात नवऱ्याच्या हातात देतो. बाप नसला तर मामा. नूरहानला मामा आहे. कॅप्टन मजदी, नौदलातला, सहा फूट, दोन्ही पाय सारखे. पण साखरपुड्याच्या दिवशीच नूरहानने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मला गिद्दो आणेल. नाहीतर मी आपली आपण लिफ्टने येईन."

गिद्दो म्हणजे मी, तिचा आजोबा. लग्न ऑक्टोबरात होतं. हे बोलणं झालं मार्चमध्ये, आणि एप्रिलमध्ये माझा खुबा बदलला.

मी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर वजीह सभ्य माणूस. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला, मला झोपवलं, उभं केलं, दोन्ही घोटे जुळवून पाहिले.

"हाडांत फरक नाही," ते म्हणाले. "असलाच तर तांदळाच्या दाण्याएवढा. इतकी वर्षं दुखऱ्या खुब्यावर तुम्ही वाकडे चाललात ना, तर स्नायू आखडलेत, कंबर कललीय. म्हणून पाय लांब वाटतो. व्यायाम करा, सहा महिने थांबा. आणि तोवर बुटात काही घालू नका. घातलंत तर कंबर सरळ व्हायचं विसरेल."

"वाटतो?" मी म्हणालो. "डॉक्टरसाहेब, चौतीस वर्षं मी—"

"माहीत आहे," ते म्हणाले. "कालवे. पण पाण्याला स्नायू नसतात."

त्या वाक्यानंतर मी त्यांच्याकडे गेलो नाही. पुढच्या दोन तारखा मी मुद्दाम चुकवल्या. मला वाटलं, त्यांना माझी आठवण येईल.

हाज बस्यूनींनी दुसरा रस्ता दाखवला. विमा योजनेच्या कार्यालयात अर्ज दिला की सरकार उंच तळाचा बूट देतं, असं त्यांच्या मेव्हण्याला कोणीतरी सांगितलं होतं. कार्यालयाचं नाव मी सांगत नाही, कारण तिथे मला अजून दोनदा जायचं आहे. खिडकीपाशी एक मॅडम होत्या. त्यांच्या चहात पुदिना होता आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"ऑपरेशन कुठल्या पायाचं, हाज?" त्यांनी मला विचारलं. आमच्याकडे केस पिकलेला प्रत्येक माणूस हाज.

"डाव्या."

"मग बूट डाव्याला."

"नाही मॅडम, डावा आधीच लांब आहे. उंच बूट उजव्याला हवा. म्हणजे उजवा डाव्याला गाठेल."

त्यांनी कागद उलटा करून पाहिला. "उजव्याला काय झालंय?"

"काही नाही. उजवा चांगला आहे."

"मग चांगल्या पायाला सरकार बूट कशाला देईल?"

"अहो, डाव्याला उंच बूट दिलात तर मी आणखी—"

"हाज," त्या आईच्या मायेने म्हणाल्या, "आजारी पायाचं औषध निरोगी पायाला देता येत नाही. उद्या तुम्ही म्हणाल, डोळा दुखतोय, कानात थेंब घाला."

मागची सगळी रांग हसली. मी वाद घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "चाचा, देतायत ते घ्या आणि बाजूला व्हा." अर्ज चार टेबलं फिरला. त्यावर सरकारी गरुडाचा शिक्का हवा होता. गरुड असलेली बाई रजेवर होती. पाच आठवड्यांनी मला सरकारी शिक्कामोर्तबासह डाव्या पायाचा एक बूट मिळाला, तीन बोटं उंच, रंग तपकिरी. इनायातने त्यात माती भरून पुदिना लावला. चांगला आला.

मग मी गेलो उस्ता मेतवल्लीकडे. मेतवल्ली बुटांचा कारागीर. त्याचं दुकान कपाटाएवढं. आपण आत वाकलो की तो बाहेर येतो. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या बुटांकडे पाहिलं. गेल्या ईदला हाज बस्यूनींच्या आग्रहाने आम्ही दोघांनी एकाच दुकानातून, एकाच मापाचे काळे बूट घेतले होते, तेच.

"दोन बोटं," मेतवल्ली म्हणाला. "पण बाशमुहंदिस, बाहेरून चढवला तर आपला अख्खा मोहर्रम बेक मोहल्ला बघेल."

"बघता कामा नये."

"मग अर्धं आत, अर्धं तळात. वरून असं कातडं फिरवतो, तुमच्या आईलासुद्धा ओळखू येणार नाही."

आणि खरंच, बूट तयार झाला तेव्हा उंच कुठला आणि साधा कुठला हे पायात घातल्याशिवाय कळत नव्हतं. मी चार पावलं टाकली. जग सपाट झालं. मी मेतवल्लीचे दोन्ही गाल चुंबले.

आता बूट झाला, पण घरात? घरात मी पुन्हा बुडू लागलो. तेव्हा घरातली चप्पल उंच झाली. मग न्हाणीघरातली लाकडी खडाव. मग पलंगाशेजारची सपाता. मग शिंपी म्हणाला, उजवा बूट उंच म्हणजे पँटचा उजवा पाय आखूड दिसतो. तेव्हा सहा पँटी दुरुस्तीला गेल्या. घरात माझा पाय उघड्या जमिनीला लागूच नये अशी व्यवस्था मी खात्याच्या शिस्तीने केली. फक्त मशिदीत बूट काढून गालिच्यावरून खुर्चीपर्यंत बारा पावलं अनवाणी टाकावी लागत. खुबा बदललेला माणूस रांगेच्या टोकाला खुर्चीवर बसूनच नमाज पढतो. नवल म्हणजे त्या बारा पावलांत मी जुलैच्या अखेरीपासून अजिबात बुडत नसे. मला वाटे, जागेचा गुण. मी इमामसाहेबांना तसं सांगितलंही. त्यांनी एका शुक्रवारी प्रवचनात माझं नाव न घेता उल्लेख केला.

बाहेर मात्र ऑगस्टपासून प्रकरण बिघडत चाललं. बूट घालूनही मी बुडू लागलो. मेतवल्लीने आणखी एक पातळ थर घातला. अधिक बुडालो. त्याने आणखी घातला.

"अबू हाझिम," एका संध्याकाळी समुद्राकाठी फिरताना इनायात म्हणाली, "आधी तू दुकानांकडे झुकायचास. आता समुद्राकडे झुकतोस."

"तेच ते."

"दुकानं आणि समुद्र तेच ते?"

मी हे हाज बस्यूनींच्या कानावर घातलं. त्यांनी डोळे मिटून विचार केला. "बाशमुहंदिस, आत धातू आहे ना? ऑगस्ट आहे ना? बंदरावर दुपारी क्रेनचे रूळ एवढे फुगायचे, मी स्वतः पाहिलंय. तुमचा पाय उन्हाने वाढतोय." त्यानंतर पंधरा दिवस मी सावलीच्या बाजूने चाललो आणि खुब्यावर थंड पाण्याची पिशवी ठेवली. चौतीस वर्षं पातळी मोजलेल्या माणसाने, बुडबुडा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गेला तर अर्थ काय होतो, हा प्रश्न स्वतःला एकदाही विचारला नाही. हे लिहितानाही माझे कान गरम होतात.

लग्नाला तीन आठवडे होते तेव्हा नूरहान तालमीला आली. आमच्या बोळकंडीत आम्ही हातात हात घालून चाललो. मी खाली गेलो की ती वर, ती खाली येते तो मी वर, आणि दर वेळी माझं कोपर तिच्या बरगडीत. टोकाला कपाटाचा आरसा आहे. त्यात मला एक सुंदर मुलगी दिसली आणि तिच्या दंडाला लटकलेला, डावीकडे कललेला एक हातपंप.

नूरहान हसून हसून भिंतीला टेकली. "गिद्दो, छान जमतंय! पुन्हा एकदा."

मी हसलो नाही. ती गेल्यावर मी कॅप्टन मजदीला फोन लावला. "सूट इस्त्री करून ठेव. त्या दिवशी मला ऐन वेळी चक्कर येईल. तू पुढे हो."

"इस्त्री साखरपुड्याच्या आधीपासूनच केलेली आहे, काका," तो म्हणाला. सभ्यपणे म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

इनायात दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मुलीने तुला मागितलंय. तुझ्या पायाला नाही."

"लोक तिला बघायला येणार, इनायात. माझ्याकडे बघत बसतील."

"बघू देत."

"हाझिमच्या जागी मी असा जाऊ?"

ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी धूत राहिली. धुतलेलीच धुतली असावीत.

मग आला तो शुक्रवार, लग्नाच्या आधीचा. नमाज झाली, मी रांगेच्या टोकावरून उठलो, बारा पावलं सरळ चाललो, फळीवरचे माझे बूट घातले आणि घरी आलो. वाटेत वाण्याला सलाम केला. त्याने तोंडातला खजूर तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर इनायात सज्जात उभी होती. मी दार उघडलं तेव्हा ती आतल्या बाजूला येऊन थांबली होती.

"अबू हाझिम, काय केलंस?"

"काय केलं?"

"सरळ चाललास. कोपऱ्यापासून बघतेय."

मी बूट न काढताच घरात चार फेऱ्या मारल्या. पाणसळ काढली. बुडबुडा मधोमध येऊन असा थांबला होता, जणू आयुष्यभर तिथेच होता. आम्ही एकमेकांकडे बघत होतो एवढ्यात खालून किंकाळी आली. हाज बस्यूनींची बायको. "माझ्या माणसाला झटका आला! अहो, अर्धं अंग गेलं!"

हाज बस्यूनी मशिदीतून निघाले आणि दहा पावलांत डावीकडे कलले. सावरायला गेले तर अधिक कलले. लोकांनी धरलं. कोणीतरी सांगितलं, हसून दाखवा. ते इतके घाबरले होते की हसणं वाकडं आलं. कोणीतरी म्हणालं, हात वर करा. त्यांनी केला, पण दुसऱ्या हाताने वाण्याच्या पोत्याला धरलं असल्यामुळे तो वर गेला नाही. निदान झालं. टॅक्सी आली.

मी तसाच निघालो. दवाखान्यात हाज खाटेवर पडले होते, दोन मुलं दोन बाजूंना, बायको पायथ्याशी कुराण पुटपुटत. एक तरुण डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून उभ्या.

"मला कळत नाही," त्या सांगत होत्या. "पडून आहेत तेव्हा ठीक. अनवाणी चालवलं, ठणठणीत. घरी सोडते म्हणून बूट घालायला सांगितले, की लगेच झटका! दोनदा झालं. असा आजार मी शिकलेला नाही."

"माझं वय झालं, बाई," हाज क्षीण आवाजात म्हणाले. "लपवू नका. काय ते सांगा." तेवढ्यात त्यांची नजर दारातून येणाऱ्या माझ्यावर पडली. मरणशय्येवरही माणसाची सवय जात नाही. "बाशमुहंदिस, थांबा. मागे जा. आता या."

मी आलो.

"तुम्ही सरळ चालताय!"

"हो हाज, देवाची कृपा."

ते कोपरावर उठले. माझ्या पायांकडे पाहिलं. डाव्या बुटाच्या टाचेवर एक ओरखडा होता. आणि चाळीस वर्षं माल ओळखलेला माणूस खाटेवरून गरजला, "देवाची कसली कृपा? ते माझे बूट आहेत!"

त्यानंतर त्या खोलीत जो गोंधळ झाला त्याचं वर्णन मी करणार नाही. हाजच्या बायकोने माझ्याबद्दल काढलेले शब्द तर मुळीच लिहिणार नाही. डॉक्टरीणबाईंनी खाटेखालचा बूट उचलला, आत हात घातला आणि एकेक थर बाहेर काढत गेल्या. मग मला अनवाणी व्हरांड्यात चालवलं. सरळ गेलो, सरळ आलो.

"ऑपरेशनला किती महिने झाले?"

"सहा."

"तुमच्या डॉक्टरांनी थांबायला सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. पण आमचा कालव्यांवरून मतभेद झाला."

पाय कधीचाच बरा झाला होता. दोन महिने मी लंगडत होतो तो माझ्या बुटाने, माझ्या खर्चाने, माझ्या हट्टाने. घरी येऊन इनायातने भाजीच्या सुरीने सगळ्या चपला-खडावांमधले थर काढले. मी कॅप्टन मजदीला फोन केला. "सूट कपाटात ठेव." तो म्हणाला, "अल्हम्दुलिल्लाह, काका," आणि या वेळी खरंच आनंदाने म्हणाला, मला माझं मत थोडं बदलावं लागलं. पण नूरहानला कोणी काही सांगायचं नाही, असं मी बजावलं. तिला जिन्यावरच कळू दे. सहा दिवस मी बोळकंडीत तालीम केली. इनायात एका हाताने कणीक तिंबत, दुसरा हात माझ्या हातात देऊन नवरी झाली.

गुरुवार. मंगल कार्यालयाचा जिना अठरा पायऱ्यांचा, वर आम्ही दोघं, खाली चारशे माणसं. ढोल सुरू झाले, बायकांनी जीभ लवलवून झगारूतचे आनंदी चीत्कार केले, सगळ्या माना वर झाल्या. नूरहानने माझ्या दंडात हात घातला. मी छाती काढली, आणि पाणसळीवर ठेवल्यासारखं पहिलं पाऊल टाकलं.

आणि नूरहान डावीकडे बुडाली.

मला वाटलं पाय मुरगळला. दुसरी पायरी, ती पुन्हा बुडाली, आणि तिची बरगडी माझ्या कोपरावर आदळली.

"काय झालं गं?" मी ओठ न हलवता विचारलं. खाली व्हिडिओवाला होता.

"तू सरळ का चालतोयस, गिद्दो?" तीही ओठ न हलवता.

"बरा झालो. तुला चकित करायचं होतं."

"या अल्लाह!" तिचं हसू थिजलं. "मी उस्ता मेतवल्लीकडे जाऊन माझ्या डाव्या बुटाची टाच दोन बोटं कापून घेतली. तू बुडशील तेव्हा मीही बुडावं म्हणून. तुला एकट्याला वाटू नये म्हणून!"

ढोलवाले ताल पुढे नेत होते. तिसरी पायरी समोर होती. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं आणि ते खाली सांडलं तर काजळाचं काय होईल हे मला समोर बसलेल्या बायकांइतकंच कळत होतं. माझ्या आत काहीतरी हाझिमसारखं हललं. तोही असाच होता. गाढव आणि सोन्यासारखा.

"रडू नकोस," मी म्हणालो. "पुढचा पाय कुठला?"

"डावा."

"मग चल. बिस्मिल्लाह."

आणि मी, चौतीस वर्षं देशाच्या कालव्यांची पातळी राखलेला, दोन्ही पाय तंतोतंत सारखे असलेला माणूस, चारशे लोकांसमोर डावीकडे बुडालो. ती माझ्याबरोबर बुडाली. वर आलो ते बरोबर आलो. कोपर कुठेही लागलं नाही. पाचव्या पायरीपासून ढोलवाल्यांनी आमच्या चालीवर ताल बांधला, आणि नूरहान काजळासकट हसायला लागली.

खाली पहिल्या रांगेत हाज बस्यूनी बसले होते. ढोल थांबल्यावर बायकोला सांगणारा त्यांचा आवाज अख्ख्या दालनात ऐकू आला.

"बघ, मी म्हटलं नव्हतं? दवाखान्यात दाखवायला सरळ चालले तेवढं. अजून बुडतात बिचारे!"

मी नूरहानच्या कपाळाचं चुंबन घेतलं, तिचा हात नवऱ्याच्या हातात दिला, आणि हाजकडे वळून, आयुष्यात पहिल्यांदा, मान डोलावून त्यांचं म्हणणं मान्य केलं. मग लंगडतच माझ्या खुर्चीकडे गेलो.